शनिवारचं लोखंड

माझी माय शनिवारी घरात लोखंड येऊ देत नसे. तवा नको, विळी नको, खिळासुद्धा नको. तेलही नको, पण तेलाचं ती एक वेळ ऐकून घ्यायची, लोखंडाचं नाही. तिच्या वडिलांनी म्हणे एका शनिवारी बाजारातून नांगराचा नवा फाळ आणला आणि त्याच आठवड्यात त्यांचा चांगला चालता बैल गोठ्यात बसला तो उठलाच नाही. बैल म्हातारा असेल, आजारी असेल, हे मायला सांगायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा शनिवारी शाळेसाठी कंपासपेटी विकत आणली, तर ती पेटी रविवार उजाडेपर्यंत फाटकाबाहेरच्या खांबाला पिशवीत टांगलेली होती आणि मी भूमितीचा गृहपाठ तसाच टाकून फुगून बसले होते. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढं माझं सगळं शिक्षण अशाच एका शनिवारावर येऊन अडलं.

आम्ही तेव्हा मुकुंदवाडीत राहायचो, स्टेशनाच्या अलीकडं. दोन खोल्या, पुढं ओटा आणि त्यापुढं लिंबाखाली मोकळी जागा. स्टेशन एवढंसं, गाड्या थांबायच्या कमी, शिट्ट्या मात्र सगळ्या मारून जायच्या. पहाटेची पहिली शिट्टी झाली की परातीत भाकरी थापायचा आवाज सुरू व्हायचा. मग आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रेडिओ खरखरायला लागायचा. दुपारच्या जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर लावलेली आमटी ठरलेली. येसर म्हणजे भाजलेल्या डाळींचं आणि मसाल्याचं पीठ. ते पिशोरहून, आमच्या गावच्या घरून यायचं आणि माय ते अत्तरासारखं जपून वापरायची. आता मी राहते त्या फ्लॅटमध्ये सकाळी लिफ्टशिवाय कसला आवाज येत नाही. पत्त्यात छत्रपती संभाजीनगर लिहिते, तोंडातून मात्र कधी कधी जुनं औरंगाबाद निघून जातं. येसर आता पाकिटात मिळतो. आणते, लावते आणि दर वेळी स्वतःवरच चिडते.

आबा चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तो कारखाना बंद पडला. साहेब लोक आपापल्या गावी निघाले आणि जाताना त्यातल्या एका साहेबानं त्याची जुनी मोटारगाडी आबांना जवळजवळ देऊनच टाकली. मळकट पांढरा रंग, पुढं दोन गोल दिवे, मागची सीट एका बाजूला खचलेली. मायनं पहिल्या दिवशी तिला हळदीकुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं आणि गाईला ठेवावं तसं नाव ठेवलं, ढवळी. साहेबानं चावी देताना सांगितलं होतं, "पाटील, इंजिनाला आजवर कुणी हात लावलेला नाही." हे वाक्य आबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. दूधवाल्यालासुद्धा ऐकवलं होतं.

स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलला पाहुण्यांना वेरूळला नेण्या-आणण्यासाठी गाडी हवी होती. आबा ढवळी घेऊन गेले, मीही हौसेनं बरोबर गेले. मॅनेजरनं सीट दाबून पाहिल्या, दारं उघडून पाहिली, मान हलवली. मग आबांनी गाडी सुरू केली आणि मागून निळ्या धुराचा लोट निघाला तो थेट त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर. पण माणूस सभ्य होता. खोकत खोकत म्हणाला, "गाडी चांगली आहे हो, पण हा धूर नको. घाटात पाहुणे खाली उतरतील माझे. सोमवारी सकाळी बिनधुराची आणा. नाहीतर मी दुसरी बघतो."

त्याच आठवड्यात पिशोरहून थोरले काका आले. आबांचे मोठे भाऊ. डोक्यावर कायम पांढरी टोपी, आवाज वावरातून हाक मारल्यासारखा. येताना ज्वारीचं पोतं आणि माझ्यासाठी गुळाची चिक्की घेऊन आले होते. माणूस वाईट नव्हताच; भावाची काळजीच करत होता. जेवणं झाली तशी सुपारी फोडत म्हणाले, "गणपत, किती दिस असं बसून काढशील? घर हाय, वावर हाय. म्या रविवारी ट्रॉली घेऊन येतो. सामान बांधून ठेवा."

"आन् सुमीचं कॉलेज?" आबा हळूच म्हणाले.

"दहावी झाली ना? लई झालं की. पिशोरला कुठं तिच्या सायन्सचं कॉलेज हाय? घरात चार हात कमीच हायेत."

मी अकरावी सायन्सला होते. वर्गात मुली मोजक्याच. प्रयोगशाळेत गेल्यावर मला जे वाटायचं ते मला दुसरीकडं कुठंच वाटत नव्हतं, आणि हे घरात कुणाला सांगायचं तर शब्द नव्हते. आबा भावाच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. त्यांनी खाली मान घालून एवढंच म्हटलं, "दादा, रविवारपर्यंत दम धरा. गाडी बिनधुराची झाली तर राहू. नाय झाली, तर तुमच्या संगं येतो." काकांनी मान डोलावली, आणि झालं! माझी अकरावी त्या गाडीच्या धुराड्यात जाऊन बसली.

माय आशेवर बसून राहणारी बाई नव्हती. काका गेले त्याच दुपारी तिनं पत्र्याची मोठी ट्रंक ओढली आणि सगळ्यात आधी माझी पुस्तकं तळाशी घातली. वर सतरंज्या, त्यावर पितळी भांडी. "तळाला ओल लागत नाय," म्हणाली. मी पाय आपटत बाहेर आले. त्या आठवड्यात मी कॉलेजला गेलेच नाही. जाऊन करायचं काय होतं, डोंबल!

म्हणून मी घरीच होते आणि म्हणूनच रशीदचाचांच्या हाताखाली सापडले. चाचा शहागंजचे मिस्त्री, आबांची कारखान्यातली ओळख. सायकलच्या मागं अवजारांची पेटी बांधून यायचे, आले की आधी चहा, मग काम. मायनं दिलेली जुनी गोधडी त्यांनी लिंबाखाली अंथरली आणि ढवळीचं पोट उघडून एकेक अवयव तिच्यावर मांडायला सुरुवात केली. मी रॉकेलच्या घमेल्यात ते धुवायचे. इंजिन म्हणजे काहीतरी अगम्य असतं असं मला वाटायचं. सुटं करून मांडलं तर ते मायच्या भांड्यांइतकंच सरळ निघालं. कुठलं भांडं कशाला, एवढं कळलं की झालं.

खरा कस लागला तो काय बदलायचं आणि काय ठेवायचं यात. आबा स्टोअरचे माणूस. त्यांना डबाबंद, नवाकोरा माल आवडायचा. म्हणाले, "चाचा, सगळंच नवं घालू की."

चाचांनी कपाळाला हात लावला. "पाटील, दुल्हन नहीं सजानी, इंजन बांधना है. सुनो. जो चीज बदलने कू फिर से पूरा इंजन उतारना पडता, वो नयी. जो बोनेट उठाके बदल सकते, वो रहने दो. और रबर, कागज कभी पुराना नक्को."

मग ते मला एकेक दाखवत गेले. टायमिंगची चेन आडवी धरायला लावली. ती मधे झोळीसारखी लोंबली. "देख बेटा, लटक गयी. नक्को." व्हॉल्व्ह बंद ठेवून मागून रॉकेल ओतलं आणि कुठं पाझरतं ते बघत बसलो, एकच पाझरला, तो बदलायचा आणि बाकीचे घासून बसवायचे ठरलं. बेअरिंगच्या चंद्रकोरींवरचा करडा थर जाऊन खालचं तांबं दिसायला लागलं होतं, त्या गेल्या. पाण्याचा पंप हातानं फिरवला, नाक मुरडलं, आणि ठेवला. सगळ्यात शेवटी त्यांनी माझं बोट धरून पिस्टन ज्या भोकात वरखाली होतो, त्या भोकाच्या भिंतीवरून फिरवलं. वरच्या कडेजवळ माझं नख अडकलं.

"अटक्या?"

"अडकलं."

"मतलब नीचे का लोहा घिस गया, उपर का बाकी है. इधर से तेल चढता, जलता, धुआं होता. बोअरिंग लगेगी. कितनी, वो लेथवाले जगन का नापने का गेज बोलेगा."

बोअरिंग म्हणजे ते भोक सारखं कापून थोडं मोठं करायचं आणि मग त्यात मोठे पिस्टन घालायचे. परवा माझी गाडी सर्व्हिसिंगला दिली तर तिथला टायवाला मुलगा म्हणाला, मॅडम, अख्खी असेंब्लीच बदलावी लागेल. मी विचारलं, आतलं काय झिजलंय ते बघितलंस का? तो संगणकाकडं बघायला लागला. जन्मभर पॉलिटेक्निकमध्ये पोरांना इंजिनं शिकवली मी. मला असेंब्ली सांगतो!

शुक्रवारी सकाळी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ते भोकं असलेलं मुख्य धूड, नाक्याजवळच्या जगन मिस्त्रीच्या लेथवर, म्हणजे लोखंड कापायच्या मशीनवर पोचला. जगनकडं आधीचं काम होतं. म्हणाला, माप उद्या सकाळी देतो. चाचा जुम्म्याच्या नमाजसाठी निघाले. "माप आने दो, फिर मैं साथ चलता, पिस्टन लेंगे," असं बजावून गेले. आबा घरी आले आणि त्यांच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. माप उद्या. उद्या शनिवार. शनिवारी लोखंड घ्यायचं नाही. परवा रविवार, दुकानं बंद आणि ट्रॉली दारात. म्हणजे काय घ्यायचं ते आत्ताच! त्यांनी स्वतःशीच हिशेब मांडला: इंजिनाला कधी कुणी हात लावलेला नाही, साहेबानं सांगितलंय, म्हणजे बोअरिंग पहिल्यांदाच होणार, म्हणजे एक साइज मोठे पिस्टन. दिवेलागणीच्या आत ते पिस्टन, रिंगा, बेअरिंग, चेन, गॅस्केट सगळं पिशव्यांत भरून घेऊन आले. मायनं पिशव्यांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. "शुक्रवारी आणलं, बेस केलं," म्हणाली. आबा त्या रात्री येसराची आमटी दोनदा वाढून घेऊन जेवले.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं लेथवर गेलो. चाचाही आलेले होते. जगननं नवा पिस्टन कागदातून काढला आणि भोकात सोडला. तो खडखडत खाली गेला, पातेल्यात लिंबू टाकावं तसा.

"पाटील, हे कुणी सांगितलं आणायला?"

"एक साइज वाढवून आणलं. इंजिन कवाच उघडलेलं नाय ना."

चाचा पेटीकडं गेले, जुना पिस्टन काढला आणि त्याच्या डोक्यावरची काळी काजळी स्क्रूड्रायव्हरनं खरवडायला लागले. खालून ठोकलेला आकडा उजळला. त्यांनी तो जगनपुढं धरला. जगननं शिट्टी वाजवली.

"हे तर शेवटचं साइज हाय. इंजिन कितीदा उघडलंय देव जाणे. याच्यापुढं पिस्टन येतच नाय, पाटील. आन् आला तरी भिंतीत आता कापायला लोखंड नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे हा ब्लॉक संपला."

आबा तिथंच एका जुन्या टायरवर बसले. त्यांच्या तोंडाकडं मला बघवेना. मला त्या साहेबाला शोधून काढून त्याच्या अंगावर ते रॉकेलचं घमेलं ओतावंसं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर आबांची कीव येण्याआधी मला माझी प्रयोगशाळा आठवली, ते उंच स्टूल, ती पितळी काटे असलेली तराजूची पेटी. एक हुंदका निसटला. लेथच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही म्हणून बरं.

"खतम कायकू?" चाचा एकदम म्हणाले. "अरे जगन, लायनर डाल ना."

जगननं त्यांच्याकडं बघितलं, मग ब्लॉककडं, मग हातातल्या नव्या पिस्टनकडं, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. त्यानं आबांना समजावून सांगितलं ते मलाही कळलं. लायनर म्हणजे लोखंडाची पातळ नळी. झिजलेल्या भोकात ती दाबून बसवायची की भोकाला नवी भिंत मिळते, आणि ती भिंत आतून हवी तेवढी कापता येते. म्हणजे आणलेले पिस्टन लहान नव्हतेच; भोकच त्यांच्या मापाचं करायचं.

"पाटील," चाचा हसत म्हणाले, "तुम गलती से भी सही माल लाए रे!"

आबा टायरवरून उठले. मीही हसायला लागले होते, तेवढ्यात जगन म्हणाला, "पण लायनर आत्ता आणा. दुपारपासनं धरलं तर सांजेपर्यंत करून देतो. उद्या माझं बंद."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं. आज शनिवार होता, आणि लायनर म्हणजे आख्खं लोखंड.

चाचांना मायचा नियम ठाऊक होता. तिच्या घरचा चहा इतकी वर्षं प्याले होते. म्हणाले, "मैं लाता. मेरा जुम्मा कल हो गया, शनिवार तुम्हारा है, मेरा नहीं."

"आणाल हो तुम्ही," आबा म्हणाले, "पण बसणार माझ्याच गाडीत ना. घरी विचारल्याबिगर नाय."

"आबा!" मी ओरडलेच. "लोखंडानं काय व्हतंय? तिला सांगायचंच नाय!"

"सुमे, तिला चोरून केलं आन् उद्या घाटात गाडीला जरा काय झालं, तर तिच्या मनातनं ते जल्मात जायचं नाय. रोज म्या घराबाहेर पडलो की ती दारात जीव मुठीत धरून उभी राहील. तसलं पोट भरून काय करायचंय?" असं म्हणून ते चालायला लागले. मी मागून, धुसफुसत.

मायचा शनिवारचा उपास होता. ओट्यावर बसून ती सुपात भगर निवडत होती. आबांनी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता, पिस्टन न मोजता आणले तेसुद्धा. मधेमधे मी तोंड घालत होते, आवाज चढवत होते. "तुला तर पिशोरलाच जायचंय! पुस्तकं तळाला घातलीस ना माझी!" असंही बोलून गेले. मायनं मान वर केली नाही. तिची बोटं भगरीतून फिरत राहिली.

मग तिनं विचारलं, "रशीदभाईंनी आणलं तर लोखंड कुणाचं?"

"त्यांचं," आबा म्हणाले.

"आन् गाडीत बसलं की?"

"मग आपलं."

"मग नाय जमायचं."

माय उठली. सूप आत ठेवलं, हात धुतले, देवळीतली ढवळीची चावी घेतली, डोक्यावर पदर ओढला आणि पायरी उतरली. "चला," म्हणाली. कुठं, ते आम्ही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

लेथच्या शेडमध्ये बाई आलेली बघून जगननं मशीनच बंद केलं. माय तेलकट जमिनीवरून लुगडं सावरत सरळ चाचांसमोर जाऊन उभी राहिली.

"रशीदभाई, हात पुढं करा."

चाचांनी गोंधळून फडक्याला हात पुसले आणि पुढं केले. मायनं त्यांच्या ओंजळीत चावी ठेवली.

"आजच्या दिवस गाडी तुमची. तिच्यात काय घालायचं, काय काढायचं, तुमचं तुम्ही बघा. आमचा कायबी संबंध नाय. उद्या दिस उगवला की म्या तुमच्याकडनं परत घेईन."

जगन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी चावी मुठीत धरली, डोळ्यांना लावली. मग त्यांच्या डोळ्यांत हळूच खट्याळपणा आला.

"भाभी, और मैंने कल वापस नहीं दी तो?"

"मग वेरूळचे पावने तुम्ही न्या," माय म्हणाली, "आन् उद्या ट्रॉलीत बसून पिशोरलाबी तुम्हीच जावा. तिथं चार हात कमी हायेत."

सगळी शेड हसली. आबा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले आणि हसता हसता रडले, कारण मला तेव्हा कुठं कळलं की ही बाई पहिल्यापासून माझ्याच बाजूला होती. तिनं शनिवारही पाळला आणि मलाही सोडलं नाही. आजही तो प्रसंग आठवला की माझा श्वास मोकळा होतो. पुढं शिकलेली, मोठी मोठी माणसं कमिट्यांत भांडताना मी खूप पाहिली. त्यांच्यातल्या कुणालाही असा तोडगा सुचल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या शनिवारी चाचांनी मालकी मनसोक्त भोगली. लायनर घेऊन आले आणि आबा बघायला पुढं झाले तर म्हणाले, "ओ पाटील, मेरे गाडी कू हाथ नक्को लगाव. उधर जाके नट धोव." आबा मुकाट्यानं नट धूत बसले. जगननं लायनर एकेक करून दाबले, मग कापायला घेतले. कापलेल्या लोखंडाचा तो उष्ण, तेलकट वास शेडभर पसरला. मला तो अजून आवडतो. ऊन कलल्यावर चाचांनी मला बोलावलं आणि भोकाकडं बोट केलं. मी नख वरपासून खालपर्यंत फिरवलं. कुठं अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. नाहीच.

रविवारी सकाळी चाचा नवा सदरा घालून आले. मायनं पाटावर तांदूळ मांडले होते. त्यांना नारळ दिला, पदरानं झाकलेली ज्वारीची पायली पुढं ठेवली आणि चावी मागितली.

"इतनी सी ज्वारी में इतनी बडी गाडी?" चाचा म्हणाले. "नुकसान का सौदा है, भाभी. थोडा येसर भी डालो."

माय येसर कुणाला चिमूटभर देत नसे. तिनं आत जाऊन आख्खा डबा आणला. सौदा पुरा झाला. त्यानंतर चाचा असेपर्यंत, पिशोरहून येसर आला की एक डबा शहागंजला जायचाच.

दिवसभर इंजिन बांधणं चाललं. नवं काय, जुनं काय, सगळं ज्याच्या त्याच्या जागी बसत होतं. मी गॅस्केट पुसून देत होते, चाचा मागतील तो पाना देत होते. तिसऱ्या प्रहरी काकांचा ट्रॅक्टर फाटकाशी थांबला, मागं रिकामी ट्रॉली. काकांनी चहा घेतला आणि ओट्यावर बसले. ट्रंक दारात बांधून ठेवलेली होती, ती त्यांना दिसत होती.

दिवेलागणीला आबा स्टिअरिंगवर बसले. चाचांनी मान हलवली. आबांनी चावी फिरवली. ढवळीनं एक गचका दिला, खोकली, पुन्हा गचका दिला आणि सुरू झाली. आणि मागून धुराचा एवढा मोठा लोट निघाला की लिंबाचा बुंधा दिसेना. आधीच्यापेक्षाही जास्त! काका सावकाश उठले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे, गणपत. तू लई केलंस. ट्रंक उचलू या."

"रुको भाई, रुको!" चाचा ओरडले. "बांधते वक्त लगाया हुआ तेल है वो. जलने दो. बंद नक्को करो, पाटील!"

आबांनी बंद केली नाही. आम्ही सगळे त्या धुरात उभे. कुणी खोकत होतं, कुणी डोळे चोळत होतं. आवाज मात्र बदलत चालला होता. खडखड जाऊन एकसारखी घरघर लागली होती. मग धूर विरळ झाला. मग लिंब दिसायला लागला. मग फाटक. मग फाटकापलीकडची ट्रॉली. काका गाडीच्या मागं गेले, वाकले, डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि धुराड्यापुढं धरली. बराच वेळ धरली. मग उजेडाकडं करून अशी पाहिली, तशी पाहिली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"धूर नाय," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हंजे ट्रॉली रिकामीच न्यायची."

आबा गाडीतून उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. चाचांनी खिडकीतून हात घालून त्यांच्या खांद्यावर ठेवला. मी उगाच ढवळीच्या गरम बोनेटवरून हात फिरवत राहिले. सुटलो, एवढंच डोक्यात येत होतं.

तेवढ्यात घरातून भांड्यांचा खणखणाट ऐकू आला. मी धावत आत गेले. मायनं ट्रंकेच्या दोऱ्या सोडल्या होत्या आणि ती खाली बसून ट्रंक उपसत होती. पितळी भांडी एकीकडं, सतरंज्या एकीकडं, सगळी खोली भरून गेलेली. सकाळी निवांत लावली असती तरी चाललं असतं. पण ती थांबली नाही; पार तळापर्यंत हात घालून तिनं माझी पुस्तकं बाहेर काढली, एकेक पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"उद्या पयला तास कशाचा?"

"फिजिक्सचा."

"मग वेणी आत्ताच घालून ठेव," माय म्हणाली. "सकाळी आबांना हॉटेलात जायचंय, ते तुझ्यासाठी थांबायचे नाईत."